एक वाक्य तुझं, एक वाक्य माझं

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला मांडीवर घेता ना, तसला. अंगाला फळी आणि डोक्याला लोखंडी चिमटा. माझा डावा कोपरा कुरतडलेला आहे. तो वाघानं खाल्ला असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हालाही सांगणार होतो, पण तुमचे डोळे फारच चौकस दिसतात. उंदीर होता, मित्रांनो. पण चांगला थोराड होता.

पूर्वी मी दाजीपूरच्या जंगलात एक झाड होतो. इतका उंच, की ढग माझ्या फांद्यांत अडकायचे आणि खाली गवे ताटकळत उभे राहायचे, हा त्यांना सोडतोय कधी आणि पाऊस पडतोय कधी म्हणून. पुढं कुणीतरी माझा भुसा केला, तो दाबून फळी केली, आणि मी कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका दुकानात दोरीला लटकलो. (झाडाचं मला नीट आठवत नाही. भुशाचं मात्र पक्कं.)

तिथून मला पिराजी आप्पांनी नेलं. गडहिंग्लजजवळ त्यांचा ऊस आहे. थोरला मुलगा आदर्श दहावीला होता. तो पास झाला आणि त्या खंडेनवमीला नांगर, खुरपं, मोटरचा पाना यांच्या रांगेत मला बसवून आप्पांनी हळदकुंकू वाहिलं. मी तेव्हा इतका फुगलो, की चिमटा लागेना.

कौतुक एकाच वर्षाचं. पुढं आदर्शची आई तानाबाई मला दुधाच्या पातेल्यावर झाकायची, माझ्यानं वारा घालून चूल पेटवायची, कोंबड्या हाकलायची. मग मला माळ्यावर टाकलं. तिथं तो वाघ, म्हणजे उंदीर, भेटला.

तीन वर्षांनी धाकटी क्रांती माळ्यावर चढली. तिला कोल्हापूरच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिनं मला ओढणीनं पुसलं, बॅगेत घातलं, आणि माझ्या आयुष्यातली स्वस्थता त्या दिवशी संपली.

या मुलीला एका जागी बसणं म्हणून माहीत नाही. बाकावर बसली की उजवा पाय हलतो, पायाबरोबर मी हलतो, माझ्यावरचा कागद हलतो. शिवाय अंगठ्यानं माझा चिमटा उघडायचा, मिटायचा. टक. टक. टक. दिवसभर. आणि वर्गात घडत होतं ते असं, की कुणीही बेचैन व्हावं.

दाराशी एक पत्र्याची पेटी होती. आत येताना प्रत्येकीनं आपला मोबाईल तिच्यात टाकायचा. त्याच्या आदल्या वर्षी एका मुलीनं तास रेकॉर्ड केला, मैत्रिणीला पाठवला, मैत्रिणीनं मावशीला. त्या तासात एका पेशंटचं नाव आणि आजार होता. आठ दिवसांत ते त्याच्याच गल्लीत पोचलं. तेव्हापासून शरीरशास्त्राच्या राजमती मॅडम पेटीपाशी स्वतः उभ्या राहायच्या.

"मी उदाहरणं खऱ्या माणसांची देते," त्या म्हणायच्या. "ती या चार भिंतींत राहायला हवीत. कान उघडे ठेवा आणि लिहा."

लिहा म्हणजे काय! मॅडम बोलायला लागल्या की वरचा पंखा लाजून थांबायचा. क्रांतीचं बॉलपेन असं तापायचं, की शेजारच्या दीपानं त्यावर पापड भाजला. बरं, अर्धा पापड. पण क्रांतीचं शिक्षण बारावीपर्यंत मराठीत झालेलं, आणि मॅडमची निम्मी वाक्यं इंग्रजीत. एका अवघड शब्दाचं स्पेलिंग जुळवेपर्यंत मॅडम दोन वाक्यं पुढं गेलेल्या असत. माझ्यावरच्या कागदावर अर्धे शब्द, तुटक्या ओळी, आणि मधे मोकळ्या जागा. रात्री भरू म्हणून सोडलेल्या. त्या कशानं भरणार?

पहिल्या चाचणीत तिला पंचवीसपैकी नऊ मिळाले. 'शरीरात गेलेल्या रक्ताचं पुढं काय होतं?' या प्रश्नाला तिनं लिहिलं होतं, 'रक्त सर्व अवयवांना मिळते व तेथे मुरते.' मॅडमनी शेजारी लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं, हे एवढं मोठं.

दोन चाचण्या मिळून पन्नासपैकी पंचवीस नसतील तर मुलीला वार्षिक परीक्षेला बसू देत नसत. वर्ष वाया. म्हणजे दुसऱ्या चाचणीत सोळा हवेत. आणि गावात तर क्रांतीला आत्ताच सगळे 'सिस्टर' म्हणत होते. सुट्टीला गेली की पाच-सहा म्हातारे दंड उघडे करून ओट्यावर बसलेले असायचे, बीपी बघ म्हणून.

दीपा पेठ वडगावच्या किराणा दुकानदाराची मुलगी. तोंडानं फटकळ, अक्षर मोत्यासारखं.

"मुरतंय म्हणून काय लिहिलीस गं?" तिनं विचारलं.

"मग कुठं जातंय?"

"मला काय ठावं? माझंबी ते वाक्य सुटलंय."

 मग दीपानं माझ्यावर चापट मारली. "आयडिया! पयलं वाक्य तू लिहायचीस, दुसरं मी. तिसरं तू, चौथं मी. सुटायचा प्रश्नच न्हाय."

मित्रांनो, ही युक्ती इतकी नामी होती, की मी स्वतःच ती सुचवली असं सांगायचा मोह मला अजून होतो. क्रांती एक वाक्य लिहायची, दुसरं चालू असताना बोटं मोडायची आणि तिसऱ्याची वाट बघत टक टक करायची. एक शब्द सुटला नाही. मॅडम काय शिकवतात ते मात्र दोघींपैकी एकीलाही कळलं नाही. एकीला उत्तर ऐकू यायचं आणि दुसरीला प्रश्न. पण पानं भरत होती, आणि पानं भरली की माणसाला वाटतं अभ्यास झाला.

दुसरी चाचणी सोमवारी होती, तोंडी. शनिवारी क्रांती गावाला निघाली. दोघींची मिळून बावीस पानं माझ्या चिमट्यात होती. रविवारी ती एकत्र जुळवून लिहायची असं ठरलं होतं.

"हरवलीस तर बघ हं," दीपा स्टँडवर म्हणाली. "माझं अर्धं डोकं नेलीयास तू."

आता पुढचं ऐका. कागल सोडलं आणि असं वादळ उठलं, की एस.टी.ची चाकं जमिनीवरून सुटली. उसाचे ट्रॅक्टर पतंगासारखे वर गेले. कंडक्टरला दोघांनी पायाला धरून ठेवलं...

नाही. हे मी फार जणांना सांगितलं आणि सांगून झोप आली नाही. वारा रोजचाच होता. क्रांती खिडकीशी बसून माझा चिमटा उघडमीट करत होती. सहा महिने करत होती. माझी स्प्रिंग ढिली झालेली मला कळत होती, पण मुलीच्या अंगठ्याखाली वाजायची मजा वाटायची म्हणून मी कुरकुर केली नाही. त्या दुपारी चिमटा उघडला आणि पुन्हा नीट मिटलाच नाही. माझ्या हातून सुटली ती पानं. एकवीस. एकामागून एक खिडकीबाहेर.

क्रांती ओरडली. गाडी थांबेपर्यंत पानं उसाच्या पार गेली होती.

"ताई, काय व्हतं त्यात एवढं?" कंडक्टरनं विचारलं.

"हृदय व्हतं मामा," क्रांती रडत म्हणाली. "अख्खं."

माझ्याकडं एकच पान उरलं. दीपाचं. म्हणजे दुसरं, चौथं, सहावं वाक्य.

रविवारी सकाळी आप्पा उसाला पाणी पाजत होते. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. क्रांती मला काखेत धरून बांधावरून या टोकाला जायची, त्या टोकावरून परत यायची.

"मुंगळा चावल्यावानी काय हिंडालीस?" आप्पांनी विचारलं.

"उद्या परीक्षा हाय आप्पा. कागदं समदी उडाली."

"कागदं उडाली. मास्तरीण बोललेली उडाली न्हाय न्हवं? सांग मला, काय शिकवली."

"तुम्हांस्नी काय सांगू?"

"का? मला काय कान न्हाईत?"

मग क्रांती चालता चालताच सांगू लागली. हृदय म्हणजे आपली मोटर. मोठी रक्तवाहिनी म्हणजे पाईपलाईन. तिच्यातनं पाट फुटतात, पाटातनं सऱ्या, आणि सऱ्यांतनं रक्त हातापायाला, डोक्याला, पोटाला पोचतं. आप्पा मान डोलवत होते. हे त्यांच्या रोजच्या कामातलंच होतं.

"आणि तिथं मुरतंय," क्रांती म्हणाली.

आप्पांनी हातातलं खोरं बांधाला टेकवलं. "मुरतंय? अंगात रगात असतंय किती?"

"पाच लिटर."

"आणि मोटर किती ओढती?"

"मिंटाला पाच लिटर."

"मग एका मिंटात हीर कोरडी की गं! दुसऱ्या मिंटाला काय उपसती, चिखल?"

क्रांती थांबली. मित्रांनो, ती खरोखर थांबली. पाय हलत नव्हता, अंगठा हलत नव्हता. मी घाबरलो.

मग तिनं माझ्यावरचं ते एकुलतं पान डोळ्यांपाशी नेलं. दीपाचं मोत्यासारखं अक्षर. 'त्यांच्या आत झडपा असतात व त्या फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात.' त्यांच्या म्हणजे कुणाच्या? ते आधीचं वाक्य क्रांतीचं होतं, आणि ते कागलच्या उसात होतं.

"परत येतंय," ती पुटपुटली. "आप्पा, रगात मुरत न्हाय. परत येतंय! दुसऱ्या वाटंनं. शिरांतनं!"

"खालनं वर? चढाला?"

"त्याला तर झडपा!" असं म्हणून तिनं कागद कमरेला खोचला आणि मला धरून सरीत घुसवलं. मी, ज्याची खंडेनवमीला पूजा झाली होती तो, कमरेपर्यंत चिखलात. पाणी एका बाजूनं आलं की ती मला कलवायची, ते पुढं जायचं. मागं वळायला लागलं की मला सरळ दाबायची. "बगा आप्पा. पुढं सोडतंय, मागं येऊ देत न्हाय. आणि आपण चाललो की पोटऱ्या आवळत्यात, त्या रगात वर ढकलत्यात."

बोलता बोलता तिची नजर आप्पांच्या पायांवर गेली. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, आणि दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या शिरा, दोरखंडासारख्या वळत गेलेल्या. जन्मापासून पाहिलेले पाय होते ते.

"आप्पा, हे कवापासनं?"

"असंल पंधरा-ईस वरीस. पाण्यात उभारून व्हतंय तसं. समद्यांस्नीच हाय."

तिनं चिखलाच्या बोटानं एक शीर हलकेच दाबली. "तुमच्या आतली दारं ढिली झाल्यात आप्पा. रगात खालीच साचतंय."

आप्पा हसले. पण पाय त्यांनी पाण्यातून काढून बांधावर घेतला.

सोमवारी कॉलेजच्या जिन्यात दीपानं आधी दोन धपाटे घातले, एक क्रांतीला आणि एक मला. मग क्रांतीनं तिला पायरीवर बसवून विहीर, पाट, शिरा सगळं सांगितलं, आणि दीपा म्हणाली, "आयला, माझ्या हातानं लिवलंय आणि मलाच आत्ता कळलं."

मॅडमनी क्रांतीला उभं केलं. "दोन मिनिटं नोट्स बघून घे."

"नोट्स न्हाईत मॅडम. कागलजवळ उडाल्या."

वर्ग खदखदला. मॅडम हसल्या नाहीत. "शरीरात गेलेल्या रक्ताचं पुढं काय होतं?"

क्रांतीनं सांगितलं. निम्मं पुस्तकातलं, निम्मं उसातलं. हीर एका मिनिटात कोरडी पडायची गोष्टही सांगितली, आणि एका शेतकऱ्याच्या पोटऱ्याही. त्याचं नाव मात्र घेतलं नाही. मॅडमनी चष्मा काढला.

"हा प्रश्न तुला माझ्या तासाला पडला नव्हता?"

"पडला हुता मॅडम. पण हात वर केला असता तर एक वाक्य सुटलं असतं."

राजमती मॅडमनी एकदा सगळ्या वर्गावर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "वीस वर्षं मी या वर्गात मुलींच्या केसांच्या भांगांशी बोलते आहे. मान वर कुणाची नसतेच." त्यांनी सतरा गुण मांडले. "आणि त्या शेतकऱ्याला मंगळवारी ओपीडीत घेऊन ये."

पेटी दाराशी आहे तशीच आहे. पण आता दर पंधरा मिनिटांनी मॅडम पेनं खाली ठेवायला लावतात आणि एकीला उभी करून झालेलं तिच्या बोलीत सांगायला लावतात. सांगताना ती जिथं अडते, तिथून मॅडम पुन्हा सुरू करतात.

मला म्हणाल तर मी पाण्यानं फुगून वाकडा झालो. माझ्यावर आता कागद सपाट बसत नाही. तरी आज वार्षिक परीक्षेला क्रांतीनं मला आणलंच. दारावरच्या बाईंनी माझ्यावरचे शाईचे डाग बघितले आणि सांगितलं, "हा आत चालणार नाही." क्रांतीनं मला सोबत आलेल्या, बाहेरच्या कट्ट्यावर बसलेल्या आप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि रिकाम्या हातांनी आत गेली.

आप्पांच्या पोटऱ्यांना आता घट्ट लवचीक मोजे आहेत. बसल्या जागी टाचा वर, टाचा खाली करत राहायचं, असं लेकीनं बजावलंय.

म्हणून मित्रांनो, एवढं एक म्हाताऱ्याचं ऐका. आमच्या चिमट्यांना जपा, उगाच वाजवू नका. लिहून घ्यायचं ते जरूर घ्या. पण मधेच मान वर करा, समोरच्या माणसाकडं बघा, आणि समजलं नसेल तर त्याच क्षणी विचारा. सुटलेलं वाक्य कुणीही परत देईल. न विचारलेला प्रश्न मात्र आम्हा पॅडांना पकडता येत नाही, आमच्या चिमट्यात तो बसतच नाही.

आत घंटा झाली. पेपर वाटले असतील. आप्पा दाराकडं बघत टाचा उचलतायत, टेकवतायत. मी त्यांच्या गुडघ्यावर वर जातोय, खाली येतोय. तीन तास आहेत अजून.