बाही ओढली की सुगंधी

शाओशिंगच्या फुलबाजारात शन बोगनच्या नाकाला मोठा मान होता, आणि गेली दोन वर्षं ते नाक त्याच्या बायकोच्या बोटांत होतं.

पद्धत साधी होती. बोगन फुलापासून हातभर लांब, हात मागे बांधून उभा राहायचा. बायको, जूफन, त्याच्या डाव्या अंगाला, जरा मागे. फुलाला वास असला की ती त्याची बाही हळूच ओढायची, नसला की गप्प राहायची. मग बोगन डोळे मिटायचा, दोन श्वास जाऊ द्यायचा आणि म्हणायचा, "हे न्या. खिडकीत ठेवा, घर भरेल." गिऱ्हाईक मान डोलवायचं. फुलाला नाक लावून बघावं असं कुणाच्या मनातही यायचं नाही. ऑर्किडचा वास आपणहून यायला हवा, आपण त्याच्या अंगावर जायचं नाही. नाक खुपसतात ते बाहेरगावचे, असं सगळा बाजार मानतो. या रिवाजामुळेच म्हाताऱ्याचं झाकलेलं राहिलं होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी तो तापातून उठला तो नाक गमावूनच. जूफन शेजारी गेली होती, तेवढ्यात शेगडीवरचा भात जळून कोळसा झाला. परत येऊन बघते तर हा तिथेच, दोन हातांवर, पेपर वाचत बसलेला. ती ओरडली तेव्हा त्याने भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पेपरची घडी घातली. "कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाला.

तिने सांगितलं नाही. पाकळ्यांचा आकार जाणणारे बाजारात पुष्कळ होते. पण हल्ली आतल्या डोंगरांकडून येणारी बिनवासाची रोपं दिसायला थेट इथल्या वसंती ऑर्किडसारखी असतात, आणि ती वेगळी काढणारा हा एकटाच. लोक पार नदीपलीकडून आपल्या कुंड्या काखोटीला मारून त्याला विचारायला येत. हा मान गेला की म्हाताऱ्याकडे उरलं काय? संधिवात आणि मी, असं जूफन मनाशी म्हणायची.

समोरच्या गाळ्यावर फू नावाचा गडी आंबवलेलं टोफू तळायचा. त्याचा दर्प असा, की नवखा माणूस गल्लीच्या तोंडाशीच थबकतो. बोगनचं त्याच्याशी वीस वर्षांचं भांडण. नाक गेल्यावर भांडणही थांबलं, ते जूफनच्या लक्षात आलं. बाजाराला संशय यायला कितीसा वेळ? तेव्हापासून ती रोज सकाळी त्याला कोपराने ढोसायची आणि कुजबुजायची, "अहो, भांडा." की हा कमरेवर हात ठेवून उठायचा. "फू, तुझ्या कढईने माझी फुलं मरतात!" फू झाऱ्या उगारायचा, "तुझ्या फुलांनी माझं टोफू नासतं!" मग दोघं आपापल्या जागी बसायचे.

त्या फेब्रुवारीत जूफनला पडसं झालं. साधंसुधं नाही, नाक दगडासारखं बंद. नेमका आदल्याच दिवशी एका रोपवाटिकेतून सरमिसळ माल आला होता. दहा कुंड्या, सगळ्या फुललेल्या, आणि त्यांतली कुठली वासाची नि कुठली बिनवासाची, देव जाणे.

"आज दुकान नको उघडायला," ती म्हणाली.

"फुलं थांबतात का आपल्यासाठी? आकार बघणाऱ्यांना विकू. वासाचं कुणी विचारलं तर उद्या या म्हणू."

दहाच्या सुमाराला काठी टेकत चियेन बाई आल्या. बोगन-जूफनच्या मुलीला शाळेत शिकवलेल्या बाई. आता ऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या. डोळे गेल्याचं जूफनने ऐकलं होतं, पण काठी बघितल्यावर तिला कसंसंच झालं.

"शन, मला एक ऑर्किड निवडून दे. खिडकीत ठेवायला."

"बसा बाई. खिडकी कुठल्या तोंडाची?"

"पूर्वेची. कठडा एवढासा, एकच कुंडी मावते. धूर नाही, वाफ नाही."

"मग हे बघा, कमळपाकळीचं, आकार असा सुरेख..."

"आकाराचं मी काय लोणचं घालू? मला दिसतंय का काही?" बाई अजून वर्गात असल्यासारख्याच बोलत. "नीट ऐक. सकाळी जाग येते, पण उजाडलंय की नाही ते कळत नाही. परवा मी रात्रीच उठून केस विंचरले आणि दाराशी जाऊन बसले. शेजारणीने बघितलं. फार लाज वाटली मला. ऊन तापलं की फूल वास सोडतं, हे तूच एकदा सांगितलं होतंस. खिडकीतून वास आला की मी उठेन. तेवढ्यासाठी हवंय."

उद्या या, असं म्हणायचं ठरलं होतं. पण बाई दोन बस बदलून आल्या होत्या, आणि बोगनच्या तोंडून ते निघेना. सवयीने तो पहिल्या कुंडीपुढे हात मागे बांधून उभा राहिला. जूफनही सवयीने त्याच्या डाव्या अंगाला गेली.

तिने श्वास ओढून बघितला. काही नाही. दुसरी कुंडी, तिसरी कुंडी, काही नाही. चौथं रोप दिसायला इथलंच वाटत होतं. ओढावी का बाही? निम्मी शक्यता तर होतीच. वास नाहीच निघाला तर बाई म्हणणार, माझंच नाक म्हातारं झालं. शन चुकला असं त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. तिने बाही चिमटीत धरली. त्याचा दंड ताठ झालेला तिला जाणवला. तो वाट बघत होता. आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारात केस विंचरून दाराशी बसलेल्या बाई आल्या. तिने चिमूट सोडली, आणि सोडता सोडता तिला सणसणीत शिंक आली.

बोगनने वळून तिचं लाल नाक पाहिलं. मग तो बाईंसमोर येऊन उभा राहिला.

"बाई, मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. ही बाही ओढून सांगते, पण आज तिचंही नाक बंद आहे."

आजूबाजूच्या गाळ्यांतून माना वळल्या. फू झाऱ्या हातात घेऊन उभाच राहिला.

"दोन वर्षं?" तो म्हणाला. "अरे, मग माझ्याशी रोज कशाला भांडत होतास?"

"ही भांडायला लावायची."

कुणीतरी खुसकन हसलं. जूफनला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. बाई मात्र हसल्या नाहीत.

"मग मीच बघते. आण इकडे."

आणि त्यांनी सरळ कुंडी मांडीवर घेतली आणि फुलात नाक खुपसलं, भर बाजारात, बाहेरगावच्यासारखं. पहिली कुंडी बाजूला. दुसरी बाजूला. "पाण्यात भिजलेला कागद," तिसरीला म्हणाल्या. सहाव्या कुंडीपाशी थांबल्या. दहा कुंड्यांतलं सगळ्यात कुरूप फूल ते. एक पाकळी दुमडलेली, रंग फिका.

"हीच."

बोगन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "कसा आहे, बाई?"

बाईंनी पुन्हा नाक लावलं. घाई केली नाही. "आधी थंड. धुतलेल्या दगडासारखा. मग जरा गोड, पण मधाचा गोड नाही, कोवळ्या बांबूचा. आणि आता गेला. थांब. हां, आला परत."

म्हाताऱ्याने डोळे मिटले होते. गिऱ्हाइकासमोर मिटायचा तसे नाही, खरेच. जूफनने ते बघितलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. दोन वर्षं तिने त्याला आहे आणि नाही एवढंच सांगितलं होतं. कसा आहे, हे सांगायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

चार दिवसांनी तिचं नाक मोकळं झालं. बाजारात थोडी कुजबुज झाली होती, दोन जुनी गिऱ्हाइकं फिरकली नव्हती, आणि फू तेवढा सकाळीच भांडायला स्वतःहून येऊन गेला होता. घरी खिडकीतल्या कुंडीवर ऊन आलं. बोगन शेंगा सोलत बसला होता. तिने सवयीने त्याची बाही ओढली.

"आहे. कळलं," तो म्हणाला.

"थांबा, पुढचं ऐका." तिला बाईंसारखं बोलता येत नव्हतं. "न्हाऊ घातलेल्या बाळाची टाळू असते ना, तसा. पण गार."

शेंगा सोलणारे हात थांबले. "आणि?"

"आणि..." तिला सापडेना.

"आणि काय, जूफन?"

तिने एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना ते. मग खिडकीशी वाकली आणि फुलात नाक खुपसलं.