धाकटीचा ठोका

मोठा ड्रम पोटाशी धरून धाकटी मागच्या दाराने हॉलमध्ये शिरली आणि पहिल्याच रांगेत तिला तो दिसला. दादाच्या ऑफिसातला मित्र. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायावर पाय, आणि खिशातून वीतभर वर आलेल्या ड्रमच्या दोन काड्या.

"हा कशाला आलाय?"

दादा गिटारच्या खुंट्या पिळत होता. वर न बघताच म्हणाला, "ऐकायला."

"काड्या घेऊन? त्याला काय कान कोरायचेत?"

"हे बघ धाकटे, स्पष्टच सांगतो. आज नीट वाजवलंस तर तू. घसरलीस, तर तुझ्या जागी तो बसेल. मी शब्द दिलाय त्याला."

"आणि मला?"

"तुला कसला शब्द द्यायचा? तू घरचीच आहेस."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण मोठा ड्रम उचललेला असला की माणसाला धड भांडताही येत नाही, कारण हनुवटी त्याच्या कडेवर टेकलेली असते. ती तशीच स्टेजवर गेली.

मुलगी ड्रम वाजवते म्हटलं की त्या काळी लोक आधी हसायचे आणि मग तिच्या आईकडे बघायचे. आईही कमी नव्हती. "वाजवते कसली, आपटते! भांडीसुद्धा अशीच आपटते," असं सांगून मोकळी व्हायची. तरी पोरगी हटली नाही. एका मोडलेल्या बँडचे ड्रम तिने मिळवले. त्यातल्या एकाचं फाटलेलं कातडं शिंप्याने आतून ठिगळ लावून सांधून दिलं. हा शिंपी म्हणजे बँडमधला तिसरा. बेस गिटार तो वाजवी. दिवसभर ओठांत टाचण्या धरायची सवय, त्यामुळे रिकाम्या तोंडानेही तो कमीच बोलायचा.

तिघांची तालीम चाले ती मामाच्या खोक्यांच्या कारखान्यात. चपलांची, औषधांची, दिव्यांची, कसलीही खोकी मामा बनवी. फळ्यांच्या भिंतीपलीकडे पुठ्ठा कापायचं मशीन होतं. त्याचा पोलादी जबडा मिटला की धप्प असा आवाज होई, खोक्याचा आकार कापून बाहेर पडे, पुन्हा जबडा उघडे, पुन्हा धप्प. भिंतीच्या अलीकडे खळीचा वास, पायात कातरणांचा कचरा आणि धाकटीला बसायला पुठ्ठ्यांचा गठ्ठा. मामाची अट एकच होती. "मशीन चालू असेल तोवर वाजवा. शेजाऱ्यांनी त्या आवाजापुढे हात टेकलेत, त्यात तुमचाही खपून जाईल. मशीन बंद की तुम्ही बंद."

सबंध हिवाळा असा गेला. दादा आणि शिंपी खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून उभे राहायचे आणि धाकटी त्यांच्या पाठी बघत वाजवायची. समोर दादाची डावी टाच दिसे. ती अगदी नेमकी पडायची, इकडे नाही की तिकडे नाही. धाकटीला त्या टाचेचा मोठा अभिमान वाटे. तोंडाने कौतुक करत नाही, पण माझं ऐकतो, असं तिला वाटायचं.

आजचा कार्यक्रम होता एका क्रीडा मंडळाच्या बक्षीस समारंभाचा. माइक हातात घेऊन सेक्रेटरींनी विचारलं, "नाव काय सांगू तुमचं?"

नावावरून तिघं पूर्वी आठवडाभर भांडले होते आणि शेवटी 'पुठ्ठा' हे नाव ठरलं होतं. शिंप्याने ते मोठ्या ड्रमच्या कातड्यावर लाल रंगात काढलंही होतं. दादाने सेक्रेटरींना स्वतःचं नाव सांगितलं आणि पुढे जोडलं, "आणि साथीदार."

"ड्रमवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही तुला?" धाकटी मागून म्हणाली.

"पुठ्ठा हे काय नाव आहे? लोक हसतील."

लोक हसलेच, पण गाण्याला. धाकटीने काडीवर काडी आपटून चार मोजले. दादाने सुरुवात केली नाही. तो कान टवकारून उभा राहिला, कशाची वाट बघतोय ते त्याचं त्यालाच कळेना, आणि मग मध्येच कुठेतरी घुसला. शिंपी त्याच्यासाठी थांबला होता, तो मागे पडला. धाकटीने एकाला गाठायला घाई केली, दुसऱ्यासाठी दम धरला. जत्रेत मुलं हरवावीत तसे तिघं तीन दिशांना गेले.

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडलं, "अहो, एकच गाणं म्हणा की! तीन कशाला?"

हॉल खदखदला. दादाने हात वर करून गाणं थांबवलं आणि माइक तोंडाशी धरला. "माफ करा हं मंडळी. ड्रमवर आमची धाकटी बहीण आहे. पहिलीच वेळ आहे तिची."

पहिली वेळ तर तिघांचीही होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बालवाडीतलं पोर कविता विसरल्यावर वाजवतात तसल्या, कौतुकाच्या. धाकटीला त्या हसण्यापेक्षा जास्त झोंबल्या.

दादा शिंप्याकडे वळून दबक्या आवाजात खेकसला, "कारखान्यात कसं जमतं मग?"

"तिथे मशीन असतं ना," शिंपी सरळपणे म्हणाला. "मी त्याच्यावरच जातो."

"मीपण," दादा म्हणाला.

धाकटीला लख्ख कळलं. ती टाच तिच्यासाठी पडतच नव्हती तर! हिवाळाभर दोघं मशीनबरोबर वाजवत होते. मधल्या मध्ये ती उठून घरी जेवायला गेली असती तरी यांना पत्ता लागला नसता. आणि स्वतः तिने काय केलं होतं? धप्पच्या आवाजात आपला ठोका बुडतो म्हणून ती नेहमी दोन धप्पांच्या मधल्या जागा भरत आली होती. मुख्य ठोका मशीनला देऊन टाकला होता, आणि आज स्टेजवर तो कुणाकडेच नव्हता. हे कळल्यावर तिचा राग कमी व्हायला हवा होता. उलट दुप्पट झाला.

एवढ्यात तो पांढरा शर्ट स्टेजच्या पायरीवर आला. काड्या आता हातात होत्या. "ताई, जरा उठता का? मी सांभाळून घेतो."

"खाली बसा," धाकटी म्हणाली. "खुर्ची अजून गरम असेल तुमची."

"धाकटे, तमाशा नको," दादा म्हणाला. "ऊठ."

"नाही उठत. तू इकडे तोंड कर."

"काय?"

"माझ्याकडे तोंड कर आणि मी मारते तिथे ये. आता धप्प मी आहे."

"लोकांकडे पाठ करू? लोक काय म्हणतील?"

"आत्ता म्हणाले ते पुरलं नाही तुला?"

शिंपी वायर ओढत मुकाट्याने तिच्याकडे वळला. दादा वळला नाही.

चौथ्या रांगेतून आई उठून उभी राहिली. "अगं, मोठा आहे तो तुझ्यापेक्षा!"

"मोठा आहे म्हणून तर चार महिने गप्प बसले!" धाकटीने एवढ्या जोरात सांगितलं की सेक्रेटरींनी हातातला करंडक खाली ठेवला.

आणि तिने पाय मारला. मोठा ड्रम घुमला. जिथे धप्प असायचं तिथे, दर वेळी तिथेच. मधली सगळी नक्षी तिने टाकून दिली. शिंपी तिच्या पायाकडे डोळे लावून आत आला. ना गिटार, ना शब्द, गाण्याचा नुसता सांगाडा, पण तो चालत होता. हसणारे गप्प झाले. काड्यावाला पायरीवर जरा वेळ घुटमळला आणि बाजूने खाली उतरला.

दादा पाठमोरा उभा होता. मग एकदम चढ्या आवाजात गाऊ लागला, चुकीच्या जागी. धाकटी त्याच्यासाठी थांबली नाही की धावली नाही. दोन ओळी त्याने तशाच ओढल्या. तिसऱ्या ओळीला खांद्यावरून मागे बघितलं. कडवं संपेपर्यंत तो सबंध वळला होता आणि तिचे पाय-हात बघत, कपाळाला आठ्या घालून, तिच्याबरोबर गात होता.

गाणं संपलं. टाळ्या बऱ्या पडल्या, फार नाहीत. दादा गिटार सावरत तिच्याजवळ आला.

"घरी चल, मग सांगतो तुला."

"सांग. मीही सांगणार आहे," धाकटी म्हणाली. "माफी मागायची ती त्याच माइकवर मागून टाक. मग पुढचं गाणं सुरू करते."

"आणि नाही मागितली तर?"

"तर दोघं वाजवतो आम्ही."

शिंपी खाली मान घालून तार लावत राहिला. दादाने लोकांकडे बघितलं, मग तिच्याकडे. धाकटीने काड्या वर धरल्या होत्या आणि ती थांबली होती.