देवमाशाच्या पोटात

साडेचार वाजले होते आणि संग्रहालय पाचला बंद होणार होतं. उद्यापासून छताची दुरुस्ती, म्हणून तिथं टांगलेला देवमाशाचा सांगाडा उतरवून वर्षभर पेट्यांत जाणार होता. चित्र काढायचं तर आत्ताच, नाहीतर बसा बोंबलत.

चित्रकार बाई सहा तासांचा प्रवास करून आली होती ती ह्याचसाठी. ठमी झाल्यापासूनचं, म्हणजे चार वर्षांतलं, हे पहिलंच काम. प्रकाशकाची अट एकच: देवमासा केवढा असतो ते पोरांना चित्र बघून कळलं पाहिजे. जमलं तर अख्खं पुस्तक तिचं, नाहीतर दुसरा कुणीतरी टपलेला होताच. बाईचा बेतही पक्का होता. ठमी दुपारी झोपते, ती झोपली की काढायचं. पण लेकरू सबंध वाट टक्क जागं, रस्त्यावरचे खांब बारापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू.

दालनात बाईनं एक डोळा मिटला, हात लांब करून पेन्सिलीनं माप घेतलं. डोकं कागदात बसवावं तर शेपूट बाहेर. मागं सरकावं तर पाठ भिंतीला टेकलेली. तीनदा काढलं, तीनदा खोडलं. लहान करून बसवलं तेव्हा देवमासा कसला, ताटातला मासा दिसायला लागला. त्यात ठमीला भूक, मग तहान, मग शू. बाई रडकुंडीला आली. राग त्या एवढ्याशा जिवावर निघतोय हे तिला कळत होतं, तरी निघतच होता.

वहीतून मान वर केली तर ठमी गायब. बाईनं दालनभर नजर फिरवली. बघते तर कार्टी सांगाड्याभोवती बांधलेल्या दोरीखालून सरपटत जाऊन सांगाड्याच्या बरोब्बर खाली उताणी पडलेली. बाई तावातावानं आत घुसली, तिला उचलायला वाकली, तर ठमीनंच हात धरून तिला खाली ओढलं.

बाई आडवी झाली आणि तिनं वर बघितलं.

वर लांबच लांब कणा, त्याचा एकेक मणका बसायच्या स्टुलाएवढा. त्यातून निघालेल्या बरगड्या दोन्ही अंगांनी खाली उतरत आल्या होत्या, माणसाच्या उंचीहून लांब. हे सगळं कधीकाळी पोहत होतं, श्वास घेत होतं. ह्यात एक काळीज धडधडत होतं. बाईच्या अंगावर सरसरून काटा आला. इतका वेळ आपण काय मापं घेत बसलो होतो, असं होऊन तिला स्वतःचीच लाज वाटली.

“आई, आपण ह्याच्या पोटात आहोत?” ठमीनं हळूच विचारलं.

“हो.”

“मी तुझ्या पोटात होते तेव्हा मला असंच दिसायचं?”

बाईचे डोळे भरून आले, ते पुसायलाही ती थांबली नाही. ठमीला तिथंच पडून राहायला सांगून ती शेपटीच्या टोकाशी सरकली, कोपरावर रेलली आणि काढायला लागली. बरगड्या कागदाबाहेर चालल्या तर जाऊ दिल्या. त्यांच्या तळाशी, करंगळीच्या नखाएवढी, ठमी. आता कुठल्याही पोराला कळलं असतं. फक्त वेळ पुरायला हवा होता.

तेवढ्यात रखवालदार आला. दोरीच्या आत यायला मनाई आहे, पाचाला पाच कमी आहेत, उठा बघू, असं त्यानं सुनावलं. बाईनं हातापाया पडून दहा मिनिटं मागितली, तो काही बधेना.

“काका, तुम्ही पण झोपा ना,” ठमी म्हणाली.

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. दालनात दुसरं कुणी नव्हतं. टोपी काढली, गुडघे कुरकुरवत तो ठमीशेजारी आडवा झाला.

“बावीस वर्षं झाली इथं,” तो म्हणाला. “रोज ह्याच्याकडं पाठ करून उभा राहतो.”

पाच वाजले. बंदची घंटा वाजवायचं काम त्याचंच होतं, आणि तो उताणा पडून वर बघत होता. बाईनं ठमीशेजारी त्यालाही पटकन काढून घेतलं, आणि ती उरलेल्या बरगड्यांकडे वळली.