आण्णांचं गाडीत बसायचं राहिलं

कानिफनाथ आण्णांच्या दशक्रियेला गर्दी चांगली झाली होती. प्रवरेच्या घाटावर मंडप होता, खुर्च्या होत्या, माइक होता. ज्यांनी आण्णांना हयातीत कधी पाहिलं नव्हतं अशा तिघांनी त्यांच्या जाण्यानं तालुक्याची भरून न येणारी हानी झाल्याचं सांगितलं. निवडणूक तोंडावर आल्यामुळं चौथ्यानं ते दोनदा सांगितलं. नंतर महाराजांचं प्रवचन झालं. आण्णा जिवंत असते तर इतक्या वेळात त्यांनी दोन एकराला पाणी दिलं असतं.

खरं काम खाली पाण्याजवळ चाललं होतं. न्हाव्यानं आदिनाथची हजामत उरकली होती. आदिनाथ हा आण्णांचा एकुलता मुलगा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. टक्कल झाल्यावर तो एकदम आण्णांसारखा दिसायला लागला, आणि बायकांनी तेवढ्यासाठी पुन्हा एकदा रडून घेतलं.

"आता नदीत उतरा," गुरुजी म्हणाले, "अंगावरचे कपडे पाण्यात सोडा, मागं बघू नका, आणि हा पंचा नेसून वर या."

आदिनाथनं सांगितलं तसं केलं. शर्ट सोडला, पँट सोडली. शिकलेला असून मागं वळून बघितलं नाही, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं.

वर आल्यावर पिंडांचं पान मांडलं. भात, शेजारी आण्णांच्या आवडीचं पिठलं, भाकरी, एक लाडू, आणि गुरुजींची नजर चुकवून कुणीतरी ठेवलेली तंबाखूची पुडी. सगळे पाच पावलं मागं सरले आणि वर बघायला लागले.

घाटाच्या वर उंबराचं झाड होतं. झाडावर कावळे होते. झाडाखाली सावलीत आदिनाथची गाडी होती. पांढरी, नवी कोरी. कावळे गाडीकडं बघत होते. पानाकडं एकही बघत नव्हता.

"काय तरी मागं राहिलंय त्यांचं," भागवततात्या म्हणाले. हे आण्णांचे धाकटे भाऊ. त्यांनी हात जोडले. "दादा, वहिनीला अंतर देनार न्हाई आमी. या."

कावळा हलला नाही.

"आण्णा, मी दर महिन्याला येईन गावाकडं," आदिनाथ म्हणाला.

कावळ्यांनी हे मनावर घेतलं नाही.

"आईंना पुण्याला नेऊ आम्ही," आदिनाथची बायको अश्विनी म्हणाली. तिच्या आवाजात थोडी भीती होती, कावळा लगेच आला तर काय घ्या.

शेवटी भागवततात्यांनी घसा खाकरला, इकडंतिकडं पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बरं, बांध बी कोरनार न्हाई."

एक कावळा वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर आला. लोकांनी तात्यांकडं वेगळ्याच नजरेनं पाहिलं. पण तेवढंच. कावळा तिथंच बसला.

ऊन चढायला लागलं. गोजरबाई, म्हणजे आण्णांची बायको, इतका वेळ बायकांच्या घोळक्यात बसून होती. ती म्हणाली, "त्यांचं गाडीत बसायचं राहिलंय."

आदिनाथनं मान खाली घातली. त्याला ते माहीत होतं. दुसऱ्या कुणाला माहीत नसावं एवढीच त्याची अपेक्षा होती.

झालं होतं असं. आदिनाथच्या गाडीला चावी नव्हती. म्हणजे होती, पण ती मोबाईलमध्ये. बोट लावलं की दार उघडायचं, बोट लावलं की गाडी सुरू व्हायची, आणि माणूस कुठंही असला तरी चालायचं. एप्रिलमध्ये कंपनीनं त्याला सिंगापूरला पाठवलं, तेव्हा त्यानं गाडी गावी आणून अंगणात लावली आणि मित्राबरोबर पुण्याला परतला. जाताना घाई होती. "आण्णा, गाडीत बसावंसं वाटलं तर फोन करा, मी तिथून उघडतो," असं तो सांगून गेला. आण्णांना ते खरं वाटलं नाही, पण मुलाचं कौतुक वाटलं.

आण्णा रोज गाडी पुसायचे. एका दुपारी त्यांनी फोन लावला. "आदि, जरा उघड बरं. बसतो घडीभर."

"मीटिंगमध्ये आहे आण्णा. दहा मिनिटांत उघडतो."

आण्णांनी पाय धुतले. चपला हातात घेतल्या आणि गाडीच्या दाराशी उभे राहिले. रस्त्यानं जाणाऱ्याला सांगत राहिले, "उघडतोय. पोरगा उघडतोय तिकडनं." एप्रिलचं ऊन, पायाखाली तापलेली फरशी. ते एक पाय उचलायचे, मग दुसरा. शेवटी गोठ्यात म्हैस सुटली म्हणून ते तिकडं धावले, आणि नेमके तेव्हाच गाडीचे दिवे लुकलुकले. दार उघडलं. कुणी हात लावला नाही म्हणून गाडीनं ते थोड्या वेळानं आपलं आपण बंद केलं. गोजरबाईनं हे उंबऱ्यातून पाहिलं.

"अहो आण्णा, उघडली होती की! कुठं होता?" आदिनाथनं रात्री विचारलं.

"म्हस सुटली हुती," आण्णा म्हणाले. परत काही त्यांनी फोन केला नाही. आदिनाथ आला, घाईतच गाडी घेऊन गेला, आणि पुढच्या महिन्यात आण्णा शेतात बांधावर बसले ते उठलेच नाहीत.

"गाडीचं दार उघड," गोजरबाई म्हणाली. "पान म्होरल्या शिटावर ठेवू. येतील ते."

"शास्त्रात..." गुरुजी सुरू झाले आणि गोजरबाईकडं बघून थांबले. "तसं शास्त्रात गाडीला बंदी नाही."

"उघडतो आये," आदिनाथ म्हणाला आणि त्यानं खिशाकडं हात नेला.

खिसा नव्हता. तो पंच्यावर होता. खिसा पँटला होता, आणि पँट मागं न बघता नदीत सोडलेली होती.

त्याचा चेहरा बघून भागवततात्यांनी विचारलं, "फोन खिशात हुता?"

"तीच चावी आहे ना."

चार जण नदीत उतरले. शर्ट पुढं एका झुडपाला अडकलेला सापडला. पँट आपल्या वाटेनं गोदावरीकडं निघून गेली होती. दुसरी चावी पुण्यात, फ्लॅटमधल्या ड्रॉवरमध्ये.

"ताई, तुमच्या फोनवर न्हाई का ती?" भागवततात्यांनी अश्विनीला विचारलं.

"मला कधी दिलीच नाही त्यांनी," अश्विनी म्हणाली. हे वाक्य ती बऱ्याच दिवसांपासून बाळगून असावी, कारण ते तयारच होतं.

तिच्या फोनवरून आदिनाथनं गाडीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं आधी गाणं ऐकवलं, मग सांगितलं, "सर, ओटीपी तुमच्या नोंदणीकृत नंबरवर पाठवलाय."

"तो नंबर नदीत आहे."

"ओके सर. मग कृपया नोंदणीकृत नंबरवरून संपर्क साधा."

बारा वाजायला आले होते. मंडपातली माणसं घड्याळाकडं आणि पंगतीकडं बघायला लागली. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा येत नसला की तो करतात, पानाला टेकवतात आणि घरी जातात. कुणी त्याबद्दल नंतर बोलत नाही.

"दर्भाचा नगं," गोजरबाई म्हणाली. "न्हाई आले तर न्हाई आले. पन दार तरी उघड, बाबा."

आदिनाथनं नदीतला एक गोटा उचलला. ओला पंचा सावरत घाट चढून तो वर गेला आणि पुढच्या दाराच्या काचेवर त्यानं गोटा मारला. पहिल्यांदा काच हसल्यासारखी नुसतीच तडकली. दुसऱ्यांदा फुटली.

आणि गाडी बोंबलायला लागली.

चोर शिरल्यावर गाडीनं ओरडावं अशी सोय होती, आणि ओरडणं थांबवायची सोय मोबाईलमध्ये होती. दिवे लुकलुकत होते, भोंगा वाजत होता. उंबरावरचे सगळे कावळे एकदम उडाले. पलीकडच्या काठावरचेही उडाले. पुलाच्या कठड्यावर बसलेले दोन उरले होते, तेही विचार करून उडाले. आभाळ घटकाभर काळं झालं आणि मग पार मोकळं.

आदिनाथनं आत हात घालून दार उघडलं. काचेनं हात कापला. गोजरबाई पान घेऊन आली, पदरानं सीटवरच्या काचा झटकल्या, पान ठेवलं. मग बाजूला होऊन दाराशी उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली.

भोंगा वाजत होता, त्यामुळं ते फक्त आदिनाथला ऐकू आलं.

माणसं जेवायला निघून गेली. मंडपवाल्यानं खुर्च्या एकात एक घातल्या. गुरुजींनी गोजरबाईचं लक्ष नसताना दर्भाचा कावळा लांबूनच पानाच्या दिशेनं फिरवला, दक्षिणा घेतली आणि मोटारसायकलवर गेले. भोंगा मधेच थांबायचा. मागं राहिलेले वर बघायचे. पुन्हा सुरू व्हायचा. एकही कावळा आला नाही.

दुपार कलल्यावर गाडी ओढून न्यायला नगरहून टेम्पो आला. गाडी मोबाईलशिवाय सुरूही होत नव्हती. तिचं पुढचं तोंड उचलून साखळीला अडकवलं. टेम्पोवाल्यानं आत डोकावून विचारलं, "हे जेवन कुनाचं?"

पान काढायची हिंमत कुणाला झाली नाही. गाडी हलली. फुटल्या काचेतून पुढच्या सीटवरचं पान दिसत होतं. पुलावरच्या खड्ड्यात ते जरा पुढं सरकलं. गोजरबाई गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली आणि मग भागवततात्यांच्या पिकअपमध्ये बसून घरी गेली.

दोन दिवसांनी आदिनाथनं नवा फोन घेतला. त्यावर पहिला मेसेज सर्व्हिस सेंटरचा आला. काच बदलली आहे, आतली सांडलवंड विनामूल्य स्वच्छ केली आहे, आमच्या सेवेला पाच तारे द्यावेत. त्यानं फोन लावून विचारलं, सीटवरचं पान कुठं टाकलं?

"कचरा बाहेरची गाडी नेते सर. काही महत्त्वाचं होतं का?"

"नाही," आदिनाथ म्हणाला.

गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. "काय म्हनले? पान कुठं सोडलं त्यांनी?"

"नदीत," आदिनाथ म्हणाला.

"कावळा आल्ता का तिथं?"

आदिनाथ नव्या फोनकडं बघत राहिला. "आला होता म्हणे."

"म्हंजी बसले," गोजरबाई म्हणाली. मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि काही न विचारता म्हशीला पाणी दाखवायला उठली.