ईस्टरपर्यंतची खोली

अँथनीला घरमालक व्हायची हौस कधीच नव्हती. विमानतळाकडची त्याची भातखाचरं सरकारने घेतली, त्याचे पैसे हातात आले आणि पैशांच्या मागोमाग सल्ले देणारेही आले. कुणी म्हणालं टॅक्सी घे, कुणी म्हणालं पोस्टात टाक आणि गप्प बस. अँथनी अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होता, त्याला पक्क्या वस्तूवरच विश्वास. त्याने वाकोल्याच्या गावठाणातल्या आपल्या घराच्या मागे, विहिरीपलीकडे, एक खोली बांधली. आत मोरी, वर पोटमाळा, छपराला मंगलोरी कौलं, सगळं झकास. वडिलांच्या घराच्या भावाभावांत वाटण्या होऊन त्याच्या वाट्याला एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच आलं होतं. एकुलता एक मुलगा ज्युलियस मोठा होत होता. त्याचं लग्न झालं की मागची खोली त्याची, आणि तोवर ती भाड्याने द्यायची, असा साधा सरळ बेत होता.

बेत साधा असला की तो बिघडवायला माणूस लागतोच. तो माणूस म्हणजे अँथनीचा मेव्हणा इग्नेशियस. अंधेरीला त्याची पाच खोल्यांची चाळ होती आणि त्यातल्या तिघा भाडेकरूंना तो कोर्टाच्या तारखेलाच काय तो भेटायचा. त्यामुळे या विषयात आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी त्याची खात्री होती. खोलीला चुना लागायच्या आतच तो येऊन ओट्यावर बसला आणि त्याने अँथनीचे कान टोचले.

"पहिली गोष्ट, भाडं हा शब्द तोंडातून काढायचा नाय. भाडं म्हटलंस की तो भाडेकरू झाला. मग तो मेला तरी त्याचा पोरगा भाडेकरू. तू फक्त राहायची परवानगी देतोस, लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिने, कागदावर सही. बिनकागदाचा माणूस एक दिवस पण ठेवायचा नाय."

मग त्याने बाकीची शिकवणी घेतली. खोलीत आपलं काहीतरी सामान कायम ठेवायचं, म्हणजे ताबा आपला दिसतो. एक किल्ली आपल्याकडे ठेवायची. अकरा महिने भरले की माणसाला सामानासकट बाहेर काढायचं, आपलं कुलूप लावायचं, मग वाटलं तर नवा कागद करून परत आत घ्यायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं त्याने शेवटी, आवाज खाली आणून सांगितलं.

"ज्याला दुसरं कोण जागा देत नाय, असा माणूस बघ. तो मान वर करत नाय."

असा माणूस अँथनीच्या कारखान्यातच होता. राजाराम तिथे स्टोअरमध्ये होता, जालन्याकडचा. चांगला शिकलेला, सरळ, वेळेवर येणारा. बायको द्रौपदी आणि मुलगी लता यांना घेऊन तो एका ओळखीच्या माणसाच्या पडवीत दिवस काढत होता. पार्ल्यापासून मालाडपर्यंत त्याने खोल्या बघितल्या होत्या. मालक आधी नाव विचारायचे, मग गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला आहे ते. राजाराम स्वतःच सांगून टाकायचा की आम्ही बौद्ध आहोत. मग ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. अँथनीने हे कँटीनमध्ये ऐकलं होतं. त्याला राजारामची खरोखर कणव आली, आणि त्याच वेळी इग्नेशियसचं शेवटचं वाक्यही आठवलं. चांगलं काम आणि पक्का हिशेब अशी दोन्ही एका दगडात साधल्यासारखं वाटून तो घरी शीळ घालत गेला.

पहिली काही वर्षं खरंच बरी गेली. खोलीत आपलं सामान हवं म्हणून ऑलिव्हने, म्हणजे अँथनीच्या बायकोने, वर्षाच्या मसाल्याच्या बाटल्या राजारामच्या पोटमाळ्यावर ठेवल्या. कालवण करायचं झालं की ती पदर खोचून मागे जायची आणि द्रौपदी तिला बाटली काढून द्यायची. कायद्याच्या ताब्याचं एवढंच काय ते रूप होतं. अकरा महिने भरले की राजारामचं बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसह अँथनीच्या ओट्यावर यायचं. अँथनी गंभीर चेहऱ्याने मागच्या खोलीला कुलूप लावायचा. त्या दिवशी ऑलिव्ह मैद्याचे गोल गोल फुगे तळायची, सगळे एकत्र जेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर सही करून बिऱ्हाड परत मागे जायचं. लताला तर तो सणच वाटायचा. अँथनी मात्र अधूनमधून चुकून "भाडं आणलंस काय रे" म्हणून जायचा आणि मग जीभ चावायचा.

बहात्तर साल संपता संपता ज्युलियसचं लग्न ठरलं. मुलगी क्लॅरिस, मालाडची. तिच्या वडिलांनी एकच गोष्ट विचारली होती, पोरांना स्वतंत्र खोली आहे ना? अँथनीने छाती पुढे काढून त्यांना मागे नेऊन खोली दाखवली. राजारामला आधीच सांगून झालं होतं की जानेवारीत कागद संपला की या वेळी परत आत यायचं नाही. राजाराम बरं म्हणाला होता. त्याने शब्द दिला होता आणि रोज कारखाना सुटल्यावर तो खोल्या हिंडत होता.

पण लग्न जानेवारीत नव्हतं. क्लॅरिसचा भाऊ जहाजावर होता आणि त्याचं जहाज ईस्टरच्या सुमारास लागणार होतं. तिची आई भावाशिवाय लग्न लावायला तयार नव्हती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तर उपासाचे, त्या दिवसांत कुठलाही फादर लग्न लावत नाही. म्हणजे लग्न ईस्टर झाल्यावर, आणि तोपर्यंत खोली नुसती बंद पडून राहणार. त्यातच एक दिवस द्रौपदी ऑलिव्हजवळ येऊन बसली. लताची मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये होती, आणि जागा तर अजून कुठे मिळाली नव्हती. तेवढी परीक्षा इथून होऊ दे, एवढंच ती म्हणाली.

ज्युलियसचं म्हणणं पडलं की नको, आत्ताच रिकामी करून घे, मी आतून रंग देतो. अँथनीला ते आततायीपणाचं वाटलं. नवरा-नवरी नसताना रंगवलेल्या खोलीत काय उंदीर राहणार? आणि एका पोरीचं वर्ष बुडवून आपल्या पोराचा संसार मांडायचा, हे त्याच्या पचनी पडेना. तो राजारामला म्हणाला, ईस्टरपर्यंत राहा. मग त्याला इग्नेशियसची शिकवण आठवली, की बिनकागदाचा माणूस एक दिवस ठेवायचा नाही. म्हणून त्याने शहाण्यासारखा जानेवारीतच ईस्टरपर्यंतचा नवा कागद केला, राजारामची सही घेतली, स्वतःची ठोकली. आपण एकाच वेळी ख्रिस्ती माणसासारखे आणि घरमालकासारखे वागलो याचा त्याला फार अभिमान वाटला. आयुष्यात त्याने केलेली ही सगळ्यांत मोठी चूक होती.

नव्या कायद्याची बातमी त्याला आधी कळलीच नाही. कँटीनमध्ये कुणीतरी पेपर मोठ्याने वाचत होतं, पण अँथनीचं लक्ष भज्यांकडे होतं. इग्नेशियसच संध्याकाळी घामाघूम होऊन वाकोल्याला आला. ओट्यावर न बसता त्याने उभ्या उभ्या विचारलं, राजारामचा कागद कधीपर्यंतचा आहे? अँथनीने सांगितलं. इग्नेशियस मटकन खाली बसला.

"वाट लागली अँथनी. एक फेब्रुवारीला ज्याचा लायसन्सचा कागद चालू होता, तो आता भाडेकरू. कायद्याने. तू काय म्हणतोस, कागदात काय लिहिलंय, सगळं गेलं खड्ड्यात."

वकील वांद्र्याचा होता. त्याने कागद पाहिला, तारीख पाहिली, आणि अँथनीकडे जरा कौतुकानेच पाहिलं. कागद जानेवारीत संपू दिला असता तर ठीक होतं, म्हणाला. बिनकागदाचा ठेवला असता, तरी भांडायला जागा होती. तुम्ही मात्र नवा करून ठेवलात. आता मुलाच्या लग्नासाठी गरज आहे म्हणून दावा लावता येईल, पण निकाल लागेपर्यंत मुलाची मुलं शाळेत जातील. इग्नेशियस बाजूला बसून नखं बघत होता. अँथनीला त्याचा गळा धरावासा वाटला, पण धरून काय होणार होतं? सही त्याची स्वतःची होती.

आता सगळी मदार राजारामच्या शब्दावर होती. कायदा काही म्हणो, राजाराम शब्दाचा माणूस आहे, हे अँथनी ऑलिव्हला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. परीक्षा संपली. ईस्टर जवळ आला. मागच्या खोलीत बांधाबांधीचा आवाज येईना. शेवटी गुड फ्रायडेच्या आधी अँथनी स्वतः विहिरीपलीकडे गेला. द्रौपदी त्याला बघून मोरीत निघून गेली. राजारामने स्टूल पुढे सरकवलं आणि आपण उभा राहिला. अँथनीने विचारलं, जागेचं काय झालं? नाही मिळाली, राजाराम म्हणाला.

"तू शब्द दिलास राजाराम."

"दिला दादा. तेव्हा माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून दिला."

अँथनीने ज्युलियसचं सांगितलं. क्लॅरिसच्या बापाचं सांगितलं. लतासाठी आपण थांबलो हे सांगतानाच त्याला लाज वाटली, तरी त्याने तेही सांगितलं. राजाराम खाली मान घालून ऐकत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो बदलणार नाही हे त्यातच दिसत होतं.

"मी वाईट करतोय, मला कळतंय," तो म्हणाला. "पण बाहेर पडलो तर मी पोरीला घेऊन कुठल्या दारात उभा राहू? दुसरं कोण देत असतं तर मी कधीच गेलो असतो. हे तुम्हालाही ठाऊक होतं ना दादा? म्हणूनच तर मला दिलीत."

अँथनीला वाटत होतं की ही गोष्ट फक्त आपल्याला आणि इग्नेशियसला माहीत आहे. हा माणूस ती पहिल्या दिवसापासून जाणून होता, आणि तरी दर वर्षी ओट्यावर बसून त्याच्याबरोबर जेवला होता. अँथनी उठला. घरी येऊन त्याने झालं ते ज्युलियसला सांगितलं.

ज्युलियस उसळला. गावातली चार पोरं आणतो, सामान विहिरीवर काढतो, बघू कोण अडवतो, म्हणाला. अँथनी दारात आडवा झाला. त्याच्याने ते बघवलं नसतं. ज्युलियसने त्याला बाजूला सारायला उचललेला हात खाली घेतला आणि तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, तुला त्यांची पोरगी दिसली. तुझा पोरगा नाय दिसला." हे ऐकून अँथनी रडला. मुलगा खोटं बोलत नव्हता.

क्लॅरिसचे वडील समजूतदार निघाले. त्यांनी लग्न मोडलं नाही, फक्त तोड काढली. मालाडला त्यांच्या घरी वरची खोली रिकामी होती. ईस्टरनंतरच्या रविवारी लग्न लागलं. वाकोल्याला मांडव पडला, बँड वाजला, ऑलिव्हने नवरीला उंबऱ्यावर ओवाळून आत घेतलं. सगळे जेवले. मग दिवेलागणीला नवरी उठली आणि तिच्यामागून ज्युलियस आपली पेटी घेऊन निघाला. पाहुण्यांत कुणालाच कुठे बघावं ते कळेना. मुलीला निरोप देताना म्हणायची गाणी बायकांना येत होती, मुलाला निरोप देताना म्हणायचं गाणं कुणालाच येत नव्हतं. तेव्हा बँडवाल्यांनीच काहीतरी वाजवलं.

दावा लागला. तारखा पडू लागल्या. अँथनीने राजारामचे पैसे घ्यायचे बंद केले, कारण घेतले तर त्याला भाडेकरू मानल्यासारखं होतं, असं वकिलाने सांगितलं होतं. तेव्हा राजाराम मनीऑर्डर करू लागला. विहिरीपलीकडून निघालेले पैसे पोस्टातून फिरून पुढच्या दारी यायचे आणि अँथनी ते परत पाठवायचा. कारखान्यात दोघे एकमेकांना टाळत. ऑलिव्हने मसाल्याच्या बाटल्या आणवल्या नाहीत, त्या वर्षी तिने मसाला कुटलाच नाही. ज्युलियस सुरुवातीला दर रविवारी यायचा. मग क्लॅरिसला दिवस गेले, मग त्याच्या कामाची वेळ बदलली, मग मालाडच्या देवळातल्या मंडळींनी त्याला क्वायरमध्ये घेतलं. अँथनी प्रत्येक कारणाला मान डोलवायचा.

नाताळच्या सकाळी देवळातली मिस्सा आटोपून अँथनी आणि ऑलिव्ह घरी येऊन बसले होते, तेवढ्यात दारात ज्युलियस उभा राहिला. नवा सूट, हातात विणलेल्या रुमालाने झाकलेलं ताट. नाताळला गावठाणातल्या घराघरांतून अशी ताटं जातात, नेवऱ्या, कुलकुल, केक. सोयऱ्यांकडे जातात, शेजाऱ्यांकडे जातात, आणि ज्याच्या घरी जातात त्याने ताट रिकामं परत करायचं नसतं. ज्युलियसने ताट टेबलावर ठेवलं. रुमाल क्लॅरिसच्या आईच्या हातचा होता.

ऑलिव्ह उठली. तिने ताटातलं आपल्या परातीत काढलं, ताट पुसलं आणि आपल्या नेवऱ्या त्यावर रचल्या. ज्युलियस भिंतीला टेकून वाट बघत उभा होता.

"बस ना," अँथनी म्हणाला. "जेवून जा."

"नको पप्पा, अजून चार घरं व्हायचीत."

तो गेला. अँथनी लहान असल्यापासून बापाबरोबर अशी ताटं घेऊन गावभर हिंडला होता. ताट कुणाकुणाकडे पाठवायचं ते त्याला तोंडपाठ होतं. आत्याकडे, मामाकडे, विहिरीपलीकडच्या शेजाऱ्याकडे, फादरकडे. आपल्याच घरी कुणी ताट पाठवत नसतं.