दमलेली दारं

भाजायच्या जाळीतून नुकतीच उतरलेली मिरची युफेमियाने सरळ उघड्या हाताने उचलली. शेजारी सोलायला बसलेल्या तिच्या भावजयीने, डेल्फिनाने, कपाळाला हात लावला.

"वन्सं, हात आहेत की लाकडं?"

"चाळीस वर्षं मिरची सोललीय बाई. यांना आता काय कळतंय!"

सप्टेंबरात, मिरचीच्या हंगामात, या खोऱ्यात मान वर करायलाही उसंत नसते. युफेमिया पहाटेपासून शेडमध्ये होती आणि हाडन् हाड दुखत होतं. नवख्या बाया हातमोजे घालत, तरी रात्री दुधात हात बुडवून रडत. तिला ते नुसते नखरे वाटत.

डेल्फिना आपलं शुगर बघायचं यंत्र रोज डब्यासोबत आणायची. "एकदा तरी टोचून घ्या. सासूबाईंचा पाय शुगरनेच गेला ना?"

"माझ्या आईचं मला नको सांगूस!"

आईचा तो गुडघ्याखाली रिकामा झगा युफेमिया विसरली नव्हती. म्हणून तर टोचून घेत नव्हती. शिवाय गेल्या वर्षी विद्यापीठातली एक बाई मिरची न्यायला आली होती, तिने सांगितलेलंच युफेमियाने घट्ट धरून ठेवलं होतं. नसांच्या टोकांशी बारीक बारीक दारं असतात म्हणे. विस्तव लागला की उघडतात, मिरची लागली तरी तीच उघडतात आणि आत वर्दी जाते, 'आग, आग!' पण रोजच मिरची लागायला लागली की दारं दमतात, उघडेनाशी होतात. दमतात हे युफेमियाला फार पटलं. बिचारी दारं तरी काय करतील?

संध्याकाळी काम आटोपल्यावर तिने बूट काढला. मोजा निघेना. डेल्फिनाने वाकून पाहिलं आणि ती किंचाळलीच. खोक्याचा खिळा बुटाच्या तळातून टाचेत घुसला होता, आणि रक्त केव्हाचं सुकून काळं पडलं होतं.

"अगं बाई! कधी लागला हा?"

"ठाऊक नाही." सकाळी खोकी तिनेच फोडली होती. दिवसभर ती त्याच पायावर उभी होती.

युफेमिया टाचेकडे बघत राहिली.

"डेल्फिना, पायाला कधी मिरची लावली होती गं मी?"

डेल्फिनाने डब्याच्या पिशवीतून यंत्र काढलं, आणि युफेमियाने मुकाट्याने बोट पुढे केलं.