रस्त्यावरून हाक

लव्हिनानं दार वाजवलं आणि तिथंच सगळं फसलं.

कोळशाच्या खाणींच्या डोंगरात, स्टिलहाउस फोर्कच्या खोऱ्यात, कुणी कुणाचं दार वाजवत नाही. खाली रस्त्यावर, फाटकाच्या अलीकडं थांबायचं आणि घराला हाक मारायची. घरातला माणूस आवाजावरून ओळखतो कोण आलंय ते, मग म्हणतो, या वर. आवाज ओळखीचा नसला तर तो आधी बंदूक कुठं ठेवलीय ते बघतो. दार वाजवतात सरकारी लोक, वसुलीवाले आणि कंपनीची माणसं. लव्हिनाला हे सगळं पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण तीस वर्षं ओहायोत, सिनसिनाटी शहरात घालवलेल्या माणसाचा हात आपोआप दारावर जातो. दोन टकटका झाल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि तिनं हात चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी आहे, आई. लव्हिना."

आत खुर्ची करकरली.

"लव्हिना ओहायोत असती. तुमी कोन बाई?"

म्हातारी ऑर्लिना. साखरेनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. लव्हिना बापाच्या मातीला आली होती तेव्हा म्हातारीला दिसत होतं; त्यानंतर लव्हिनाचं येणं झालं नाही. नाताळला पार्सल यायचं, त्यात गरम मोजे आणि साबण. फोन म्हातारी हातातच धरत नसे. भिंतीशी बोलल्यावानी वाटतं, म्हणायची. लव्हिनाचं बोलणं व्हायचं ते थोरल्या भावाशी, एस्टिलशी. तेही कमी कमी होत गेलं, कारण पहिल्या वाक्यालाच तो म्हणायचा, आल्या का मडमबाई. तो मजेत म्हणायचा. लव्हिना दोन दिवस ते उगाळत बसायची.

आता एस्टिलची फुप्फुसं खाणीनं खाल्ली होती. नाकात नळी, मागं ढकलगाडीवर ऑक्सिजनची टाकी. शेजारी चाकांवरच्या ट्रेलरमध्ये तो राहायचा; तिथून आईच्या घरापर्यंत यायला त्याला तीनदा थांबावं लागे. त्याचं त्यालाच होईना, तर तो आईचं काय करणार? म्हणून त्यानं बहिणीला फोन केला होता. म्हणाला, तू येऊन घेऊन जा तिला. नाहीतर सोमवारी काउंटीच्या सरकारी वृद्धाश्रमाची गाडी येणार आहे. तिथं ती महिनाभर टिकायची नाही. ती कुणाबरोबर जाणार नाही. तुझ्याबरोबर जाईल. रोज तुझंच नाव घेते.

लव्हिनानं बेडरूम रिकामी केली, स्वतःसाठी सोफा ठेवला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले. सगळी तयारी केली. फक्त एका गोष्टीची तयारी करायची असते हे तिला सुचलं नाही.

एस्टिल धापा टाकत पडवीत पोचला. दार ढकलून आत जात म्हणाला, "आये, लवी आलीया. आपली लवी. तुला न्यायला आलीया."

"ही?" म्हातारी म्हणाली. "ही तर ऑफिसातली बाई हाय."

मग तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

आता म्हातारीची बाजूही सांगितली पाहिजे. ती खुळी नव्हती. तिच्या सासऱ्याच्या काळी या पडवीत असाच एक गोड बोलणारा गृहस्थ आला होता. स्वच्छ, घासूनपुसून बोलायचा. ताकात कुस्करलेला कॉर्नब्रेड, मक्याचा पाव, त्यानं वाडगाभर खाल्ला आणि वाहवा केली. सासऱ्याला अक्षरओळख नव्हती. त्यानं कागदावर फुली मारली आणि जमिनीखालचं सगळं त्या कंपनीचं झालं. पुढं कंपनीनं डोंगराचा माथाच उडवला आणि विहिरीला गंजाचं पाणी आलं. नवऱ्याच्या छातीत काही नाही, असं सांगणारा डॉक्टरही असाच बोलायचा. धाकटा मुलगा खाणीत दबून गेला तेव्हा टोपी हातात धरून आलेला साहेबही तसाच. म्हातारीच्या आयुष्यात जे जे वाटोळं झालं ते याच सुरात बोलत आलं. आणि आज तोच सूर तिच्या दारात उभा राहून तिला आई म्हणत होता.

लव्हिना तिच्या पायाशी बसली. नवव्या वर्षी ओढ्यात पडून हनुवटीला खोक पडली होती ते सांगितलं. लाल कोंबडीचं नाव सांगितलं. बाबा कुठल्या खुंटीला दिवा अडकवायचा ते सांगितलं.

"एस्टिलनं शिकिवलंय तुला," म्हातारी म्हणाली. "त्याला मी जड झालीया. त्याची चूक न्हाई, त्याला दम पुरत न्हाई. पर पोरा, आईला फसवून घालवायला भाड्यानं बाई आनू नये."

एस्टिल काहीतरी बोलायला गेला आणि खोकत खाली बसला.

लव्हिनानं आपला हात आईच्या हातात दिला. म्हातारीनं तिचा तळवा चाचपला, बोटं चाचपली, आणि परत लव्हिनाच्या मांडीवर ठेवला, दुकानात न पटलेला माल ठेवतात तसा. "ह्यो हात टेलिफोनचा हाय," ती म्हणाली.

खरंच होतं. हात टेलिफोनचाच होता. अठराव्या वर्षी लव्हिना खोऱ्यातून निघाली आणि सिनसिनाटीत एका विमा कंपनीत फोनवर बसली. आपल्या बोलण्याला हेल आहे हे तिला तिथं कळलं. तोवर तिची समजूत होती की हेल बाहेरच्यांना असतो. खोऱ्यात सगळे असंच समजतात. सिनसिनाटीतही सगळे असंच समजतात. फरक एवढाच की नोकऱ्या सिनसिनाटीवाल्यांच्या हातात असतात. तिनं पहिला फोन घेतला आणि आजूबाजूच्या पोरी टेबलावर डोकं ठेवून हसल्या. एकीनं विचारलं, तिकडं डोंगरात पायात काही घालता का गं, की अनवाणीच? वरच्या बाईंनी तिला प्रेमानं बाजूला घेतलं. म्हणाल्या, तू हुशार आहेस, पण गिऱ्हाईकाला तुझ्या आवाजात हुशारी ऐकू येत नाही.

हे असं प्रेमानं सांगणारे लोक फार वाईट. शिवी दिली असती तर पोरगी चिडून परत गेली असती, निदान आपल्या तोंडासकट गेली असती. प्रेमानं सांगितलं म्हणून तिनं ऐकलं. टेप घेतला, न्हाणीघराचं दार लावलं आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या मागं एकेक शब्द घोकला. ओठ कुठं उघडायचे, शब्द कुठं तोडायचा, सूर कुठं पाडायचा. आरशात बघून आपल्या तोंडातून आपल्या आईला बाहेर काढलं. त्याबद्दल तिला बढतीही मिळाली.

आणि इतकं करून? गेल्याच महिन्यात नवा साहेब, तिच्या निम्म्या वयाचा, हसत म्हणाला, तू डोंगरातली ना? चिडलीस की ऐकू येतं अधूनमधून. लव्हिनाही हसली होती. घरी जाऊन ती न्हाणीघराचं दार लावून बसली, या वेळी टेपशिवाय.

दुपारी तिनं शेवटचा उपाय केला. एस्टिलच म्हणाला, जा खाली रस्त्यावर आणि मार हाक, जुनी. तिला जुनी तू ऐकू येशील.

लव्हिना फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. घसा साफ केला. लहानपणी शाळेतून येताना याच जागेवरून ती हाक मारायची आणि आई परकराला हात पुसत पडवीत यायची. ती हाक अजून कुठंतरी असणारच, असं तिला वाटत होतं. जुनं भांडं माळ्यावर असतं तसं. चढून काढलं की झालं.

तिनं तोंड उघडलं.

"ए आयेऽऽ! आगं म्या हाय गं म्याऽऽ! तुजी लवी आलीया न्हवं काऽऽ!"

पडवीत बसलेल्या एस्टिलनं मान खाली घातली. हेल जास्त झाला होता, फार जास्त. टीव्हीवर डोंगरातल्या माणसाचं सोंग आणणारे विनोदवाले असे बोलतात: दात काळे केलेले, एका खांद्यावर विजारीचा लोंबता पट्टा. लव्हिनाला आपला आवाज परत ऐकू आला, समोरच्या डोंगरावर आपटून, आणि तिला कळलं की तो आवाज तिला कुठून सापडलाय. त्या टेबलांवरून, जिथं पोरी जेवणाच्या सुट्टीत तिची नक्कल करायच्या. बापाची माती आणि एस्टिलचे तुटक फोन सोडले तर तीस वर्षांत तिनं घरचं बोलणं दुसरीकडं कुठं ऐकलंच नव्हतं.

म्हातारी दारात आली. चौकटीला धरून उभी राहिली. ओरडली नाही.

"हसा बाई," ती म्हणाली. "लई लोक हसून गेले. आमी असंच बोलतो. आमचं काय चुकलं ते सांगा, आन मग हसा."

दार लागलं. आतून कडी बसली.

त्या रात्री लव्हिना एस्टिलच्या ट्रेलरमध्ये राहिली. एस्टिलनं बीन्स तापवले; दोघांनी नुसते चिवडले. तो म्हणाला, उचलून गाडीत घालू का तिला? लव्हिना म्हणाली, आणि पुढं? जन्मभर तिला वाटणार की कुणीतरी बाईनं पळवून आणलंय. स्वतःच्या घरात मला मुकं होऊन राहावं लागेल. तो म्हणाला, मग तसंच रहा. दोघांनाही हसू आलं नाही.

सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी आली. गाडीबरोबर एक मदतनीस मुलगी होती, ट्रेसा नावाची, पलीकडच्या खोऱ्यातली, अठरा-एकोणीसची. हिरवा कोट, केसांना रबर. गाडी फाटकापाशी थांबली. ट्रेसा उतरली, पण फाटकाला हात लावला नाही. आपोआप थांबली आणि घराकडं तोंड करून तिनं हाक दिली.

"घरात कोन हाय का वो? येऊ का वर?"

एवढंच. साधं, घरगुती, थोडं लांबवलेलं.

कडी निघाली. म्हातारी पडवीत आली. तिचा चेहरा असा उजळला होता की लव्हिनाला तो बघवेना, आणि नजर हलवताही येईना.

"लवी?" म्हातारी म्हणाली. "लवी, तूच का गं?"

ट्रेसा गोंधळली. तिनं पायऱ्यांजवळ उभ्या असलेल्या एस्टिलकडं पाहिलं, मग लव्हिनाकडं. एस्टिलनं तिला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, म्हातारीची मुलगी आलीय. ट्रेसा वाट बघत होती. म्हातारीही वाट बघत होती. तिच्या कानात लव्हिना अजून अठरा वर्षांचीच होती, ज्या दिवशी निघाली तेवढीच.

लव्हिनाला अजूनही बोलता आलं असतं. पण तिचा एक शब्द निघाला असता तर ते दार परत लागलं असतं आणि या खेपेला ते तोडावं लागलं असतं. तिनं ट्रेसाकडं बघून मान हलवली.

"व्हय," ट्रेसा हळूच म्हणाली. "म्याच हाय. चल, आये."

म्हातारीनं तिचा दंड धरला. एकेक पायरी उतरताना ती थांबून तिचा हात चाचपत होती. तो हात कामाचा होता. "किती वाट बघायला लावलीस," ती म्हणाली. "मी म्हनलं आता येतीस का न्हाई." मग आवाज खाली घेऊन, पण तसा सगळ्यांना ऐकू येईल असा, "आगं, एक बाई आलती इथं. तुजं नाव सांगून. लई ग्वाड बोलायची. मी वळखली तिला. घालवून दिली."

"बरं केलंस," ट्रेसा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात ते येऊ दिलं नाही.

म्हातारी लव्हिनाच्या इतकी जवळून गेली की तिच्या स्वेटरचा धुराचा वास आला. नाताळच्या साबणाचा वास नव्हता. लव्हिना तोंडावर हात दाबून उभी होती. गाडीत बसताना म्हातारीनं विचारलं, तुजं घर लांब हाय का गं? ट्रेसा म्हणाली, न्हाई, जवळच हाय. गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

वृद्धाश्रमाच्या दारात पोचल्यावर ट्रेसाला दुसऱ्या फेरीला जायचं होतं. म्हातारीला खुर्चीत बसवून ती जाणार, आणि मग म्हातारी लवीला हाक मारत राहणार. हे लव्हिनाला माहीत होतं, एस्टिलला माहीत होतं. कंपनीच्या त्या गोड बोलणाऱ्या गृहस्थानं फसवताना निदान कागद तरी पुढं केला होता.

"बोल काहीतरी," एस्टिल शेवटी म्हणाला.

लव्हिनानं त्याच्याकडं पाहिलं. कुठल्या तोंडानं बोलावं ते तिला सुचेना. ती आपल्या गाडीत बसली आणि काच वर केली.